दोन खुर्च्या

शाइस्ता दोन खुर्च्या घेऊन बाहेर आली, तेव्हाच मला कळलं. एक आणली असती तर म्हटलं असतं, पोरगी जुन्या मॅडमला बसायला देते आहे, सकाळपासून बाकड्यावर बसून मॅडमची पाठ धरली असेल. पण दोन होत्या. निळ्या, प्लास्टिकच्या, एकात एक घट्ट बसलेल्या, आणि त्या सोडवताना तिच्या नाकी नऊ आले होते. खालच्या खुर्चीवर तिनं पाय दाबून धरला, वरचीला हिसका दिला, तरी सुटेना. अतिदक्षता विभागाच्या दाराबाहेर आम्ही पाच-सात नातेवाईक बसलो होतो, सगळे तिच्याकडे बघत होते आणि एकही मेला उठत नव्हता. मीही उठले नाही. उठून एका बाजूनं धरलं असतं तर चुटकीसरशी काम झालं असतं. पण माझ्या मनात आलं, नाही सुटल्या तर बरं होईल. संध्याकाळपर्यंत नाही सुटल्या तर आणखी बरं.

दोन खुर्च्यांचं तिला मीच शिकवलेलं आहे. अमरावतीच्या एका नर्सिंग शाळेत मी ट्यूटर आहे, आणि शेवटच्या वर्षाच्या पोरी परीक्षेआधी महिनाभर माझ्या ताब्यात असतात. इंजेक्शन, सलाइन, ड्रेसिंग हे तोवर त्यांच्या हातात बसलेलं असतं. बसलेलं नसतं ते एवढंच की आता आपल्या मागे कुणी नाही. तीन वर्षं पोरगी म्हणत असते, थांबा, सिस्टरला विचारून सांगते. पेशंटचा श्वास बदलला, सिस्टरला सांगते. नातेवाईक अंगावर आले, सिस्टर येतील त्यांच्याशी बोला. मग एक दिवस उजाडतो आणि तीच सिस्टर झालेली असते, पांढरा गणवेश, नावाची नवी पाटी, आणि कुणी 'सिस्टर' अशी हाक मारली की ही बया मान वळवून मागे बघते. मागे भिंत असते. तेवढ्या वेळात पलंगावरचा माणूस कुठल्या कुठे जातो. म्हणून त्या महिन्यात मी पोरींची नावंच टाकून देते. वर्गात, जिन्यात, जेवणाच्या रांगेत, सगळीकडे सिस्टर. सुरुवातीला त्या खिदळतात, 'सिस्टर, ठेचा सरकवा' म्हणतात एकमेकींना. मग हळूहळू खिदळणं कमी होतं. आणि सगळ्यात शेवटी मी त्यांना बातमी सांगायला शिकवते. उभ्या माणसाला सांगू नका, तो पडेल. आपण उभं राहून बसलेल्याला सांगू नका, त्याला वाटेल ही लगेच निघाली. दोन खुर्च्या आणा, समोरासमोर ठेवा, गुडघ्याला गुडघा लागेल इतक्या जवळ. हे मी इतक्या तुकड्यांना सांगितलं आहे की झोपेतून उठवलं तरी सांगेन.

खुर्च्या सुटल्या. शाइस्तानं त्या खिडकीशी नेल्या, समोरासमोर ठेवल्या, एकीवरची धूळ ओढणीनं पुसली असं मला वाटलं, पण ओढणी कुठली, ती गणवेशात होती, हातानंच पुसली असेल. मग माझ्यापाशी आली. "मॅडम, इकडे येता का जरा? बसा ना तिकडे." मी म्हटलं, "इथे बरी आहे मी. इथे पंखा लागतो." पंखा लागत नव्हता. अकोल्याचं ऊन त्या भिंतीतून आत येत होतं, पंखा नुसताच गरगरत होता. ती उभी राहिली. तिचे ओठ पार सुकून गेले होते, कोपऱ्यात पांढरे पडले होते, आणि मला एकदम सुटल्यासारखं झालं, अरे हो, रमजान आहे, हिचा रोजा असणार, दुपार टळत आली आहे, ओठ सुकतीलच की. मी त्या रोज्याला धरून बसले. माणूस कशालाही धरून बसतं.

कालपर्यंत सगळं ठीक होतं. बाळापूरला माझ्या भावाकडे, पुंजाजीकडे, त्याच्या नातीचं साक्षगंध, म्हणजे साखरपुडा, होता. आम्ही दोघं नवरा-बायको गेलो होतो. खुशालराव तिथे दोन वेळा जेवले, नव्या जावयाच्या मांडीला मांडी लावून एसटीच्या गोष्टी सांगत बसले. उभी हयात कंडक्टर म्हणून काढलेला माणूस, त्याला गोष्टींना काय तोटा. परत येताना अकोल्याच्या स्टँडवर गाडी बदलायची होती. अमरावतीची गाडी लागलेली होती. त्यांनी पायरीवर पाय ठेवला आणि काढून घेतला. "तू चढ, जागा धर, मी आलोच," म्हणाले, आणि तिथेच खाली टेकले, मालाच्या पोत्याला टेकून. मी चढले नाही. त्यांच्या कपाळावरचा घाम बघितला आणि ऑटोला हाक मारली, कारण तो घाम मी ओळखते, तो उन्हाचा नसतो. ऑटोवाल्यानं जिथे आणून सोडलं ते हे हॉस्पिटल. मला ठाऊकही नव्हतं की शाइस्ता इथे लागली आहे. अकोल्यातच कुठेतरी नोकरी मिळाल्याचा फोन आला होता, एवढंच. दारातून ती धावत आली, "काकाजी! काकाजी, काय झालं?" आणि या माणसानं छातीत एवढी कळ असताना तिच्यासमोर बाही वर केली. "घे बापा, तुयाच हात आये हा. याच्यावरच शिकली तू."

ते खरंच होतं. आमचं घर शाळेच्या मागच्याच गल्लीत. पोरींना बीपी शिकायला माणूस लागायचा आणि हे निवृत्त झाल्यापासून रिकामे. व्हरांड्यात खुर्ची टाकून बसायचे आणि रांगेनं पोरी त्यांचा दंड आवळायच्या. ते प्रत्येकीला घाबरवायचे. "फुटून राहिला ना हात, हळू दाब!" पोरगी दचकून फुगा सोडून द्यायची आणि ते पोट धरून हसायचे. शाइस्ता होस्टेलवर राहायची. तिच्या पहिल्या रमजानात तिला एकटीला पहाटे रोज्याआधी खायला कोण उठवणार म्हणून खुशालराव रात्रीचा गजर लावून उठायचे, होस्टेलच्या फाटकाबाहेर उभे राहून तिला फोन करायचे, आणि चौकीदार रामरावाच्या हाती गरम दूध-पोळी आत पाठवायचे. मी म्हणायचे, तुम्हाला काय एवढा पुळका आला? तर म्हणायचे, "लेक पुण्यात जाऊन बसली तुयी. कोनाले तरी उठवा लागते ना सकायी." दीक्षा आमची पुण्यात. काल रात्री फोन केला, पण तिला सकाळचीच गाडी मिळाली, आणि ती अजून भुसावळलाही पोचली नव्हती.

"अम्मी कशी आहे?" मी शाइस्ताला विचारलं. "बरी आहे मॅडम." "फरजानाला म्हणावं, ललिता मॅडमनं आठवण काढली. गुडघे दुखायचे ना तिचे?" "हाव. दुखतात." तिनं विषय वाढवला नाही, तोडलाही नाही. आणि मला माझाच आवाज ऐकू आला, फळ्यासमोरचा, खणखणीत: काही नातेवाईक बसणार नाहीत. काही बोलतच सुटतील, हवापाणी काढतील, तुमच्या आईची चौकशी करतील. त्यांना कळलेलं असतं. त्यांना बोलू द्या, पण तुम्ही त्यांच्याबरोबर वाहत जाऊ नका. शाइस्ता वाहत गेली नाही. मी मनात तिला मार्क दिले. असल्या वेळी मार्क! मला माझीच शिसारी आली, आणि तरी मार्क दिलेच, तेही अर्धा कापून, कारण तिचे हात गणवेशाच्या खिशात होते आणि हात खिशात ठेवायचे नाहीत असं मी सांगितलेलं आहे.

खरं सांगायचं तर मला त्याआधीच कळायला हवं होतं. त्या दाराआडून सकाळपासून मी खुशालरावांच्या यंत्राचा आवाज ऐकत होते. आत बरीच यंत्रं होती, पण आईला जसा आपल्याच पोराचा खोकला ओळखू येतो तसा मला तो ओळखू येत होता. मध्ये तो वेगानं वाजला, आत पावलं पळाली, मग पुष्कळ वेळ कुणीच बाहेर आलं नाही, आणि मग तो बंद झाला. आयुष्य वॉर्डात गेलेल्या बाईला याचा अर्थ सांगावा लागत नाही. पण मी तिथे बाकड्यावर बसून स्वतःला सांगत होते की यंत्र बदलत असतील. अंग पुसायला घेतलं असेल. आता दुपारची पाळी लागली, नवी नर्स सकाळच्या नर्सकडून एकेक पेशंट समजून घेते, त्या वेळी आवाज कमी करतात. असं कुणी करत नाही. माझ्या विद्यार्थिनीनं असलं काही म्हटलं असतं तर मी तिला वर्गाबाहेर काढलं असतं.

आणि या बातमी सांगण्याच्या तासाला मी जे करत आले, ते मला तिथे बसल्या बसल्या आठवायला लागलं आणि थांबेना. त्या तासाला नातेवाईक मीच व्हायची. पोरींनी आळीपाळीनं यायचं, मला बसवायचं आणि सांगायचं की तुमचे मिस्टर वारले. कागदावरचा खोटा पेशंट घेतला की पोरी पाठ केलेलं बोलतात, हे मी पहिल्याच वर्षी बघितलं होतं. म्हणून मी म्हटलं, पेशंट खुशालराव. तुम्ही त्यांना ओळखता, त्यांच्या हातचा चहा प्यायलात, आता सांगा बघू मला. पोरींच्या तोंडचं पाणी पळायचं. एकीनं त्यांना बसच्या अपघातात मारलं, एकीनं डेंग्यूनं, एकीनं शेतात साप चावून, शेत आमच्या सात पिढ्यांत नाही. मी बायको होऊन कधी रडायची, कधी भांडायची, एकदा तर एका पोरीची कॉलरही धरली. संध्याकाळी घरी गेले की हे दारातच विचारायचे, "आज कितीक खेपा मेलो व मी?" मी सांगायची, आज पुष्कळ. "मंग आंघोय करून घे, सुतक आये," म्हणायचे, आणि चहा टाकायला आत जायचे. दर वर्षी हेच. आम्हाला दोघांना त्यात कधी काही वावगं वाटलं नाही. उलट मला वाटायचं, एवढ्या खेपा बोलून बोलून त्या शब्दाची धार गेली असेल, माझ्यापुरती तरी.

एकटी शाइस्ता बोलली नव्हती. तिची पाळी आली, तिनं खुर्च्या मांडल्या, मला बसवलं, समोर बसली, आणि म्हणाली, "मॅडम, दुसऱ्या कोनाचं नाव घ्या. काकाजीचं नका घेऊ." मी म्हटलं, सिस्टर, वॉर्डात तुम्हाला पेशंट निवडून मिळणार आहे का? ती नाही म्हणाली. मग बोला. ती गप्प. मी पुन्हा म्हटलं, माझा आवाज चढला असेल, मला चढवता येतो. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी यायला लागलं, पण तोंड काही तिनं उघडलं नाही. घरी येऊन मी तणतणत हे यांना सांगितलं, म्हटलं, हिचं काही खरं नाही, ही नर्स कसली होते. तर भाजी निवडता निवडता म्हणाले, "काऊन त्या पोरीले रडवून राहिली? एक पोरगी तं अशी राहू दे जिनं मले मारलं नाई." मी हसले. दुसऱ्या दिवशी तिला पुन्हा उभं करणार होते, नाही केलं. एवढं यांचं ऐकलं.

आता तीच पोरगी माझ्यासमोर उभी होती. मी बाकड्यावरून हलणार नाही हे तिनं ओळखलं असावं. ती खिडकीशी गेली, एक खुर्ची उचलली, माझ्या बाकड्यासमोर आणून ठेवली आणि तीत बसली. दुसरी तिनं तिथेच राहू दिली. तिचा गुडघा माझ्या गुडघ्याला लागला. शेजारच्या बाई आपली पिशवी घेऊन जराशा सरकल्या. डॉक्टर दाराच्या काचेतून बाहेर बघत होते. एरवी हे त्यांचं काम. पण त्यांना तिनंच म्हटलं होतं, सर, मी सांगते, माझ्या मॅडम आहेत त्या. हे मला नंतर कळलं. त्या वेळी मला एवढंच दिसत होतं की तिनं हात खिशातून काढले आणि मी शिकवल्यासारखे नीट मांडीवर ठेवले. मला तिच्याबद्दल वाईट वाटलं. खोटं नाही सांगत, त्या क्षणी मला माझ्यापेक्षा तिचंच जास्त वाईट वाटलं. वाटलं, उठावं आणि सांगावं, राहू दे पोरी, आजही राहू दे, दुसऱ्या कुणाला तरी पाठव. पण मी उठले असते तर तिला वाटलं असतं की मॅडमनं पुन्हा नापास केलं. आणि दुसरं कुणी आलं असतं तरी सांगायचं ते बदलणार नव्हतं.

"मॅडम," ती म्हणाली, "सकाळपासून काकाजीची तब्येत खराब होत गेली, तुमाले माहीत आहे." मी मान हलवली. "दुपारून हार्ट बंद पडलं. आमी लय कोशिश केली. सगळ्यांनी केली." मी पुन्हा मान हलवली. हे सगळं बरोबर चाललं होतं, क्रमानं चाललं होतं. तिनं माझ्या डोळ्यांत बघितलं. "मॅडम, काकाजी गेले."

"कुठे गेले?" मी म्हणाले.

हे माझं ठरलेलं वाक्य आहे. वर्गात पोरगी 'गेले' म्हणाली की बायको झालेली मी लगेच विचारते, कुठे गेले? चहा प्यायला गेले? कारण समोरच्या बाईला खरंच तसं वाटू शकतं. धास्तावलेलं माणूस 'गेले'चा, 'सुटले'चा, 'ऑफ झाले'चा वाटेल तो अर्थ लावून घेतं, आणि मग तासाभरानं येऊन विचारतं, त्यांना जेवायला काय देऊ? असं झालेलं मी पाहिलं आहे. म्हणून माझ्या पोरींनी स्पष्ट शब्द वापरायचा, वारले म्हणायचं, आणि तो येईपर्यंत मी त्यांना सोडत नाही. पण त्या बाकड्यावर ते वाक्य माझ्या तोंडून निघालं तेव्हा मी शिकवत होते की खरंच विचारत होते, हे मला आजही सांगता येत नाही. ते निघालं तेव्हा मी त्यांना कुठेतरी बघत होते. स्टँडवर, गाडीच्या पायरीशी, वर बघून म्हणताहेत, तू चढ, मी आलोच. कुठेतरी गेले असतील तर परत येतीलच की. माणूस गाडी सोडून असा कितीसा लांब जाणार. मी शाइस्ताकडे अगदी आशेनं बघत होते. ती आता सांगेल कुठे गेले ते.

तिचा चेहरा बघवत नव्हता. तिलाही ते वाक्य माहीत होतं. इतर पोरींच्या पाळ्यांना तिनं ते ऐकलेलं होतं, आणि त्यावर काय उत्तर द्यायचं हेही तिला माहीत होतं. मॅडम आपल्याला पुन्हा बोलायला लावताहेत की मॅडमचं डोकं फिरलं, हे तिला कळलं नसणार. तिनं मागे बघितलं नाही. मी वाट बघत होते की ती मागे बघेल, दाराच्या काचेकडे, डॉक्टरांकडे, कुणाकडे तरी. तिनं माझे दोन्ही हात आपल्या हातांत घेतले. तिचे हात गार पडले होते.

"काकाजी वारले, मॅडम," ती म्हणाली. "आता परत नाई येनार. मी जवळच होती त्याइच्या. हात धरला होता मी."

एवढं सरळ आणि इतकं नीट माझ्या एकाही पोरीनं आजवर सांगितलं नव्हतं. आवाज फुटला नाही, शब्द गिळला नाही, नजर काढली नाही. आणि तो शब्द आला तसा माझ्या आत उतरला. त्याची धार कुठेही गेलेली नव्हती. एवढी वर्षं मी पोरींच्या तोंडून जो ऐकत आले तो हा शब्दच नव्हता. पंखा वर फिरत होता. शेजारच्या बाईनं पदर तोंडाला लावला होता, तिचं माझं नातं ना गोतं, पण ती रडत होती आणि मी नव्हते. मला कळेना की आता पुढे काय असतं. वर्गात पोरीच्या तोंडून एकदा तो शब्द आला की मी डोळे पुसून बायकोची मॅडम व्हायची, 'छान' म्हणायची, 'चला, पुढची' म्हणायची, आणि खुर्चीवर दुसरी पोरगी येऊन बसायची. दर खेपेला तिथेच संपायचं. त्याच्या पुढे आम्ही कधी गेलोच नव्हतो. माझ्या ओठांवर आलंही, चला, पुढची. पण शाइस्ता खुर्चीवरून उठली नाही, आणि तिच्या मागे रांग नव्हती.

ती माझे हात धरून बसली होती. माझ्याकडे बघत होती, मी काहीतरी सांगेन म्हणून. मग एवढा वेळ जो चेहरा तिनं जिवाच्या करारानं धरून ठेवला होता तो तिच्या हातून सुटला, आणि ती होस्टेलवरच्या पोरीसारखी, हलक्या आवाजात, घाबरून म्हणाली, "मॅडम, आता काय करू?"

मी पुष्कळ आठवून बघितलं.

"मले नाई माईत व पोरी," मी म्हणाले. "इथवरच शिकवलं मी."